आगोटीचा हिशेब

मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात कोकणातल्या बाजारांत आगोटीची, म्हणजे पावसाळ्याआधीच्या बेगमीची, गर्दी उसळते. सुकी मासळी, मिरची, डाळी, कांदे, मीठ, सगळं पावसाळ्याचं एकदम घ्यायचं. भाव त्या दिवसांत बरा असतो हे खरंच, पण आपल्या हवेत पैसा वाचतो तो घेतलेलं टिकलं तरच. जुलैत बुरशी आलेला एक डबा उकिरड्यावर गेला की भावात सुटलेले पैसेही त्याच्याबरोबर गेले. म्हणून आगोटीत दोनच गोष्टींकडे नीट लक्ष द्यायचं: नेमकं किती लागतं, आणि ते कोरडं कसं राहील.

आधी किती ते पाहू, कारण जास्त चुकतं तिथेच. चार माणसांच्या घरात दोन्ही वेळ भात होत असेल तर दिवसाला साधारण 650 ग्रॅम तांदूळ लागतो. जून ते सप्टेंबरचे 122 दिवस धरले तर 80 किलो. एक वेळ भाकरी असेल तर 50 किलोत भागतं. हा हिशेब न करता दोन पोती आणली की भाद्रपदात पोरकिड्यांनी भरलेलं अर्धं पोतं शिल्लक राहतं.

सुक्या मासळीचा हिशेब तर बहुतेक घरांत चुकतो. यांत्रिक बोटींची मासेमारी 1 जून ते 31 जुलै बंद, म्हणून चार महिन्यांची बेगमी होते. पण श्रावण लागला की बऱ्याच घरांत गणपती जाईपर्यंत मासळी शिजतच नाही. म्हणजे सुकी मासळी खरी लागते ती जूनपासून आषाढ संपेपर्यंत, आणि पुढे गणपतीनंतर लागलीच तर थोडी. त्यासाठी आधी कालनिर्णय उघडून श्रावण कधी लागतो ते बघावं. 2025 मध्ये तो 25 जुलैला लागला. 2026 मध्ये अधिक ज्येष्ठामुळे 13 ऑगस्टला. जवळजवळ तीन आठवड्यांचा फरक पडला. सोडे, म्हणजे सुकी कोळंबी, घेणाऱ्याला हा फरक खिशात लगेच जाणवतो.

आता मासळी घ्यायची कशी. सुका बोंबील हातात धरून वाकवून बघा. नीट वाळलेला कडक असतो, मोडताना कट् आवाज येतो. लवचीक लागला तर तो ओलसर आहे आणि तुम्ही पाण्याचे पैसे मोजताय. समजा 400 रुपये किलोने 2 किलो माल घेतला आणि घरी उन्हात तो 1 किलो 600 ग्रॅमवर आला, तर खरा भाव 500 रुपये पडला. शेजारच्या पाटीवरचा 450 चा कडकडीत माल जास्त स्वस्त होता. जवळा आणि सुकट मुठीत दाबून सोडा: मूठ उघडल्यावर मोकळी झाली पाहिजे, गोळा राहता कामा नये. तळहाताला वाळू किती चिकटली तेही तिथेच कळतं.

घरी आणल्यावर ती तशीच डब्यात भरू नये. जवळा चाळून वाळू आणि कचरा काढायचा. बोंबलाची डोकी, शेपट्या, पर कापून टाकायचे. डब्यात जागा कमी लागते आणि भर पावसात ते काम उरत नाही. मग जमिनीपासून उंच, बाजेवर किंवा जाळीवर, दोन कडक उन्हं द्यायची. संध्याकाळी आत आणून पूर्ण गार होऊ द्यायचं आणि मगच भरायचं. गरम भरलं की झाकणाच्या आतून वाफ धरते, तिचं पाणी मासळीवर पडतं, आणि आठवड्याभरात पांढरी बुरशी दिसते. उन्हात वाळवूनही मासळी खराब होते त्याचं कारण बहुतेक वेळा हेच.

खारे बांगडे नेहमी वेगळ्या डब्यात. मीठ हवेतली ओल ओढून घेतं, आणि त्याच डब्यातला बिनमिठाचा जवळाही मग मऊ पडतो. एका मोठ्या डब्यापेक्षा चार छोटे बरे. मोठा डबा रोज उघडला की रोज ओली हवा आत जाते, आणि तो रिकामा होत जातो तशी आत हवेला जागाही वाढते. तीन डबे घट्ट बंद ठेवून एकच वापरात ठेवावा. मध्येच मऊपणा जाणवला आणि ऊन नसलं तर लोखंडी तव्यावर मंद आचेवर तीनचार मिनिटं कोरडंच परतून, गार करून पुन्हा भरावं. खाऱ्या मासळीवर लालसर-गुलाबी चिकट थर आला तर मात्र धुऊन, तळून वापरायचा मोह धरू नका. ती फेकायचीच.

तांदळाला हाच नियम लावून चालत नाही. कांडून कोंडा काढलेला तांदूळ कडक उन्हात घातला तर दाणा तडकतो आणि धुताना निम्मी कणी होते. त्याला सकाळचं कोवळं ऊन किंवा वाऱ्याची सावली पुरे. दाताखाली दाणा कट् तुटला की तो भरण्याजोगा झाला. कडुनिंबाचा पाला घालायचा तर चुरा होईल इतका वाळलेला; हिरवा पाला घातला तर त्याची ओल तांदळात उतरते. तुरडाळीला एरंडेल चोळावं, 10 किलोला दोनतीन मोठे चमचे, दोन्ही हातांनी प्रत्येक दाण्याला लागेल असं. शिजवण्याआधी गरम पाण्याने धुतली की वास राहत नाही. मसाल्याच्या बरणीत वरून हिंगाचे दोन खडे, आणि चमचा पुसून कोरडा. कांदे पोत्यात ठेवू नयेत, माळा करून वारा लागेल तिथे टांगावेत. अलिबागकडचा पांढरा कांदा वेणी बांधूनच विकतात ते याचसाठी.

विकत घ्यायची गरज नसलेल्या वस्तूंकडे आपलं लक्ष कमी असतं. रातांबे, म्हणजे कोकमाची फळं, पहिल्या पावसात झाडाखाली सडताना बघवत नाहीत, आणि त्याच घरात दुकानातली आमसुलं येतात. चार माणसांना पावसाळ्यात किलोभर आमसुलं पुरतात. रातांबे धुऊन कोरडे पुसायचे, दोन भाग करून बिया आणि गर वेगळ्या भांड्यात काढायचा. गराच्या रसात मीठ घालायचं. सालं रात्री त्या रसात भिजवायची, दिवसा उन्हात घालायची, संध्याकाळी पुन्हा रसात. अशी चारपाच पुटं बसली की सालं काळपट आणि चामट होतात. कुरकुरीत होईपर्यंत वाळवू नयेत. हे काम वीस मेच्या आत उरकलेलं बरं. मध्ये दोन दिवस आभाळ आलं तर रसात भिजलेल्या सालांना बुरशी धरायला वेळ लागत नाही.

आगळ, म्हणजे रातांब्यांचा खारवलेला रस, करायचं तर 1 किलो रसाला 150 ते 200 ग्रॅम मीठ. खारट होईल म्हणून हात आखडला की ते आंबतं आणि बाटलीचं झाकण उडतं. सोलकढी करताना वेगळं मीठ घालायचं नाही, म्हणजे झालं. आमसुलं आणि आगळ काचेच्या किंवा चिनी मातीच्या बरणीतच ठेवा. आंबट आणि खारट एकत्र आलं की ॲल्युमिनिअमला भोकं पडतात, पत्र्याचं झाकणही गंजतं. बिया धुऊन वाळवल्या तर कोकमतेलाला उपयोगी पडतात.

फणसाच्या आठळ्यांचंही तसंच. गरे खाऊन झाल्यावर आठळ्या धुवायच्या, सावलीत वरचं पाणी पूर्ण वाळेपर्यंत पसरायच्या आणि कोरड्या मातीत किंवा चुलीच्या राखेत पुरून ठेवायच्या. पावसात भाजी महाग झाली की आमटीत, सुकटीत, वालाच्या बिरड्यात त्या छान लागतात. नारळ असोलेच, म्हणजे न सोलता, साठवावेत. सोलायचा झाला तर शेंडी ठेवून सोलावा; शेंडी उपटली की डोळे उघडे पडतात आणि खोबरं तिथून नासायला लागतं.

आणि कुळीथ. किलोभर कुळीथ खमंग भाजून, भरडून, टरफलं पाखडून, दळून ठेवला की चार माणसांची पिठी चार ते पाच मोठ्या चमच्यांत होते. भाजताना घाई करू नये, कच्च्या राहिलेल्या कुळथाची पिठी लवकर किडते. पिठी-भात आणि भाजलेला सुका बांगडा यापेक्षा स्वस्त आणि पोटभर जेवण कोकणात दुसरं नाही, आणि मला वाटतं यापेक्षा चवदारही नाही.

आता गॅस. सिलिंडर लवकर संपतो तो स्वयंपाकाने असं आपण धरून चालतो. पण आंघोळीचं पाणी गॅसवर तापत असेल तर हे बघा: चार माणसांचं 60 लिटर पाणी 26 अंशांवरून 40 अंशांवर न्यायला, शेगडीची निम्म्याहून थोडी जास्त उष्णता भांड्याला लागते असं धरून, रोज सव्वाशे ग्रॅमच्या आसपास गॅस जळतो. महिन्याला पावणेचार किलो. 14.2 किलोच्या सिलिंडरचा पाव हिस्सा नुसता आंघोळीत जातो. अंगणात किंवा पडवीच्या कडेला बंब असेल तर करवंट्या आणि सोडणांवर, म्हणजे नारळाच्या सालांवर, हे काम फुकट होतं. फक्त ती मेमध्येच वाळवून माळ्यावर टाकायला हवीत. सोडण एकदा भिजलं की पावसाळाभर नुसता धूर करतं. बंब कधीही बंद न्हाणीघरात पेटवू नये. धूर आणि त्यातला विषारी वायू जिवावर बेततो. उकडा तांदूळ शिजायला वेळ घेतो, तो तासभर आधी भिजत घातला तरी आच बरीच वाचते.

विजेचं थोडक्यात. महावितरणच्या घरगुती बिलात 100 युनिटच्या पुढच्या प्रत्येक युनिटला बराच जास्त दर लागतो, म्हणून मीटर शंभराच्या आसपास फिरत असेल तर वीसेक युनिट कमी करण्याला मोल आहे. साधा पंखा 75 वॅट घेतो, बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या मोटरचा, पंखा 30 च्या आसपास. रोज 15 तास चालणाऱ्या एकाच पंख्यामागे महिन्याला 20 युनिट वाचतात. सगळे एकदम बदलायची गरज नाही, जो सर्वात जास्त फिरतो तो आधी.

गणपतीची साफसफाई निघते तेव्हा डबे उतरवून काय उरलं ते वजन करा आणि कालनिर्णयाच्या त्या महिन्याच्या पानावर लिहा: तांदूळ 6 किलो उरला, जवळा ऑगस्टातच संपला, आमसुलं पुरली. ते पान फाडून मसाल्याच्या डब्यात ठेवलं की पुढच्या मेमध्ये पिशवी घेऊन निघताना यादी तयार असते.