ह्वांगशानचा दगड आणि आमचा देगलूरचा

देगलूरकडच्या माणसाला ग्रॅनाईट नवा नाही. बाकी मराठवाडा काळ्या बेसाल्टचा, पण आमच्या नांदेड जिल्ह्याच्या या टोकाला शेताच्या कडेला गोल धोंडे पडलेले असतात. त्यामुळे चीनच्या आन्हुई प्रांतातल्या ह्वांगशानवर गेलो, तेव्हा आधी हात लावला तो दगडालाच. तोच खरखरीतपणा, तेच चमकणारे कण! फक्त इथे हा दगड उभ्या भेगांनी चिरत गेलाय आणि त्याचे सुळके झालेत. सगळ्यात उंच कमळ शिखर, १८६४ मीटर. म्हणजे आपल्या कळसूबाईपेक्षाही उंच.

पण मन अडकलं ते पाइनच्या झाडांत. माती नावालासुद्धा नाही, तरी चिरेत मूळ घालून उभी. मी एका झाडापाशी बराच वेळ बसलो. मूळ मनगटाएवढं, दगडाच्या फटीत चेपून चपटं झालेलं. सुया दोन-दोनच्या जोडीने, आखूड आणि ताठ. शेंडा वाऱ्याने सपाट केलेला. दुष्काळात बांधावरची बाभूळ तगते ना, तीच जिद्द.

पायऱ्या दगडातच कोरलेल्या आहेत. हमाल कावडीवर सामान वाहतात. त्यांना आधी वाट द्यावी, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

दरीतली ओली हवा वर चढून थंड होते, ढग खालीच साचतात आणि सुळक्यांची बेटं होतात. हे बघायचं तर हिवाळ्यात जा. थंडी कडक असते, पण ढगांचा समुद्र तेव्हाच जास्त वेळा भरतो.