पहिला हॅमस्टर : भडंगची दोन वर्षे

“उंदीर धरायला पिंजरा लावत्यात, तुम्ही उंदीर ठेवायला पिंजरा आणलाय व्हय?” हॅमस्टर, म्हणजे उंदरासारखा दिसणारा छोटा पाळीव प्राणी, घरी आला त्या संध्याकाळी सासूबाईंनी विचारलेल्या या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते. लेक तेव्हा पाचवीत होती आणि तिला कुत्रा हवा होता. पण कोल्हापूरच्या शाहूपुरीतल्या तिसऱ्या मजल्यावर, आम्ही दोघे नोकरीला बाहेर आणि सासूबाईंचे गुडघे दुखरे अशा घरात, कुत्र्याला दिवसभर कोंडून ठेवणे मला पटत नव्हते. दिवसा झोपणारा आणि आम्ही परतल्यावर जागा होणारा प्राणी म्हणून हॅमस्टरची निवड झाली. हा हिशेब निम्माच बरोबर निघाला, कारण तो खऱ्या अर्थाने जागा होतो रात्री नऊ-दहानंतर, आणि सकाळची शाळा असलेल्या मुलीची ती झोपायची वेळ असते. दुपारी शाळेतून आल्या आल्या खेळायला सवंगडी हवा असेल, तर हा प्राणी घेऊ नये, असे मी आता विचारणाऱ्या प्रत्येकाला सांगते.

आमची पहिली चूक दुकानातच झाली. “एकटा कंटाळतो, जोडी न्या,” असे विक्रेत्याने सांगितले आणि आम्ही दोन भाऊ घेऊन आलो. एक तांबूस-सोनेरी, त्याचे नाव भडंग. दुसरा पांढुरका, तो चुरमुरा. पहिले तीन आठवडे दोघे एकमेकांच्या अंगावर गोळा होऊन झोपत, आणि आम्ही त्याला बंधुप्रेम समजत होतो. मग एके रात्री दीडच्या सुमारास पिंजऱ्यातून चिरकल्यासारखा आवाज आला. दिवा लावून पाहिले, तर चुरमुऱ्याच्या कानाची कड फाटलेली आणि भडंग दात वाजवत अजूनही त्याच्यावर धावून जाणारा. त्याच रात्री चुरमुऱ्याला भाजीच्या जाळीदार टोपलीत, वर पाटा ठेवून वेगळे केले, आणि कान बरा झाल्यावर तो इचलकरंजीला नणंदेकडे गेला.

सोनेरी म्हणजे सीरियन हॅमस्टर मोठा झाला की दुसऱ्या हॅमस्टरला आपल्या हद्दीत खपवून घेत नाही, मग तो सख्खा भाऊ का असेना. पिल्ले काही आठवड्यांची होईपर्यंत एकत्र राहतात, म्हणून दुकानात ती गुण्यागोविंदाने नांदताना दिसतात आणि ग्राहक फसतो. शिवाय नर-मादी ओळखण्यात गफलत झाली तर प्रकरण आणखी वाढते, कारण मादीचा गर्भकाळ अवघा सोळा दिवसांचा असतो. रोबोरोव्हस्कीसारख्या बुटक्या जातींची जोडी काही घरांत टिकते खरी, पण त्या इतक्या चपळ असतात की पहिल्यांदाच पाळणाऱ्याने त्यांना हातात घेण्याची आशा धरू नये.

आता निवडायचा झाल्यास मी दुकानात संध्याकाळी उशिरा जाईन. दुपारी सगळेच झोपलेले असतात, आणि झोपलेला कोणता व आजारी कोणता हे कळत नाही. डोळे स्वच्छ, नाक कोरडे, श्वासाला खरखर नाही आणि शेपटीखालचा भाग कोरडा, एवढे पाहावेच. शेपटीखाली ओल किंवा घाण दिसली, तर तो अतिसार असू शकतो. लहान पिल्लू त्याने दोन दिवसांत दगावते, आणि जागा बदलण्याच्या ताणाने तो बळावतो. पिल्लू घेण्याआधी आणखी एक चौकशी करावी, ती डॉक्टरांची. कुत्र्या-मांजरांवर उपचार करणारा प्रत्येक डॉक्टर हॅमस्टर तपासतोच असे नाही. आम्हाला दोन ठिकाणांहून परत यावे लागले होते.

दुकानातला तो रंगीबेरंगी, नळ्यांचा, दोन मजली पिंजरा हा मुलांच्या डोळ्यांसाठी बनवलेला असतो. 1930 साली सीरियातल्या अलेप्पोजवळच्या गव्हाच्या शेतातून इस्राएल अहारोनी या प्राणिशास्त्रज्ञाच्या मोहिमेत एक मादी आणि तिची अकरा पिल्ले जमीन खणून काढली गेली, आणि आज घराघरांत असलेले जवळपास सगळे सोनेरी हॅमस्टर त्याच कुटुंबाचे वंशज मानले जातात. ज्या प्राण्याला बाहेर काढायला फावडे लागले, त्याला दोन बोटे भुशावर ठेवणे म्हणजे शेतकऱ्याला गच्चीतली कुंडी देण्यासारखे आहे. आम्ही शेवटी ओळखीच्यांकडून माशांची जुनी टाकी आणली, साडेतीन फूट लांब आणि दीड फूट रुंद, आणि वर जाळीचे झाकण बसवून घेतले. तिच्यात वीतभर जाडीचा कागदी लगदा भरला. पहिल्याच रात्री भडंग त्यात असा नाहीसा झाला की सकाळी लेकीने रडून घर डोक्यावर घेतले. नंतर काचेला नाक लावून पाहिले, तर तळाशी एक बोगदा आणि त्याच्या टोकाला गोल झोपलेली तांबूस पाठ दिसली.

वखारीतला भुसा फुकट मिळतो म्हणून मोह होतो, पण त्यातली धूळ आणि पाइन-देवदाराचा उग्र वास त्याच्या फुप्फुसांना सोसत नाही. घरट्यासाठी विकला जाणारा कापूसही घेऊ नये, कारण त्याचे धागे पायांत अडकतात आणि गिळल्यास आतड्यात तटतात. बिनवासाचा साधा टिश्यू कागद फाडून दिला, की तो स्वतःच गादी करतो. चाक मात्र मोठेच हवे, सुमारे 28 सेंटीमीटर व्यासाचे आणि सलग पृष्ठभागाचे. पिंजऱ्यासोबत आलेल्या काड्यांच्या चाकात त्याची पाठ धनुष्यासारखी वाकत होती. अंघोळ कधीही पाण्याने घालायची नाही. चाळून, धुऊन, कढईत भाजून गार केलेली बारीक वाळू एका ताटलीत ठेवली, की तो तिच्यात लोळून अंग साफ करतो.

खाण्यापिण्याबद्दल कोल्हापूरकरांना काळजीचे कारण नाही. पाकिटातल्या खाद्यासोबत लक्ष्मीपुरीतून आणलेले जोंधळे, नाचणी, थोडी करडई, आठवड्यातून एकदा उकडलेल्या अंड्यातला बोटाच्या पेराएवढा पांढरा भाग आणि काकडीची चकती एवढ्यावर तो खूश असतो. वाळलेले जोंधळ्याचे कणीस टाकीत उभे रोवले, तर त्याची रात्र त्यातच जाते: दोन्ही हातांनी कणीस धरायचे, दाणे गालात कोंबायचे, तोंड खांद्यांपेक्षा रुंद झाले की बोगद्यात जाऊन पंजांनी गाल मागून पुढे दाबत सगळे ओतायचे, आणि पुन्हा वर यायचे. लिंबू-संत्रे, कांदा, लसूण आणि चॉकलेट वर्ज्य. सासूबाईंना एवढेच सांगावे लागले की कांदा चिरलेल्या हाताने त्याला काही देऊ नका.

आमच्याकडे पावसाळा आणि उन्हाळा हे दोन्ही त्याचे शत्रू आहेत. जुलैत कपडे चार-चार दिवस वाळत नाहीत, तिथे त्याचा पुरून ठेवलेला दाणागोटा बुरसटायला वेळ लागत नाही. म्हणून लघवीचा कोपरा रोज आणि साठा दर दोन दिवसांनी काढते. सगळे आथरूण मात्र एकदम बदलत नाही, कारण स्वतःचा वास नाहीसा झाला की तो सैरभैर होतो. एप्रिलमध्ये तिसऱ्या मजल्यावरची खोली भट्टी होते. हॅमस्टरला आपल्यासारखा घाम येत नाही, त्यामुळे पंख्याचा उपयोग नाही, आणि पस्तिशीच्या वरचा उकाडा त्याच्या जिवावर बेतू शकतो. टाकी खिडकीपासून हलवून माजघरातल्या भिंतीला लावली, फ्रिजमध्ये थंड केलेला शहाबादी फरशीचा तुकडा दुपारी आत ठेवला, आणि आमच्याच शाहूपुरीतल्या कुंभार गल्लीतून रुंद तोंडाचे एक मडके आणून आडवे पुरले. मडके रुपये साठ, आणि सगळ्या सामानात भडंगला आवडलेली वस्तू तीच.

चावा एकदाच बसला, तोही भुईमुगाच्या शेंगा सोलून हात न धुता लेकीने बोट आत घातले तेव्हा. त्याची नजर अधू असते. वासावरून त्याने बोटाला शेंगदाणा मानले, यात त्याचा दोष नव्हता. त्यानंतर आठ-दहा रात्री ती केवळ तळहातावर सूर्यफुलाची एक बी ठेवून, हात न हलवता टाकीत ठेवायची. अकराव्या की बाराव्या रात्री तो हातावर चढला. त्याचे गार पाय पहिल्यांदा लागले तेव्हा तिने श्वाससुद्धा रोखून धरला होता. आजही त्याला जमिनीवर बसूनच हातात घ्यायचे, असा घरात नियम आहे, कारण ओट्याच्या उंचीवरून पडला तरी त्याची हाडे मोडतात.

हॅमस्टर दोन, फार तर तीन वर्षे जगतो, हे आम्ही लेकीला विकत घेण्याआधीच सांगितले होते. ती आता सातवीत आहे. दर रविवारी ती त्याला स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर वाटीत बसवून आकडा वहीत लिहिते. वर्षभर 140 च्या आसपास असलेले ग्रॅम दिवाळीपासून 126 वर आले आहेत. डॉक्टरांनी दात तपासले, ते ठीक आहेत, वय झाले म्हणाले. चाक आता अकरालाच थांबते. परवा सासूबाईंनीच पाहिले की पाण्याच्या बाटलीपर्यंत पोचायला त्याला मान फार ताणावी लागते, तेव्हा आम्ही ती दोन बोटे खाली बांधली.