एक्सएस येऊन राहिली, मॅडम

ती गुलाबी पावती अजून माझ्या पर्समध्ये आहे. ‘१ नग रोड सायकल ॲल्यु., ॲडव्हान्स २०,०००, बाटली स्टँड फ्री.’ तारीख १० ऑगस्ट २०२५. खाली एक सही, कोणाची ते वाचता येत नाही. साइज कुठेच नाही. दुकानदाराने लिहिली नाही आणि मीही लिहायला लावली नाही. ‘एक्सएस’, म्हणजे एक्स्ट्रा स्मॉल, एवढी दोन अक्षरं त्या कागदावर असती, तर पुढचे नऊ आठवडे माझं डोकं ठिकाणावर राहिलं असतं.

मी बँकेत नोकरी करते, वय ४१, उंची १६० सेंटिमीटर. उंची मुद्दाम सांगतेय, सगळं रामायण तिच्यावरूनच घडलं. तीन वर्षं हायब्रिड सायकल चालवली. रोज फुटाळा आणि सेमिनरी हिल्स, रविवारी वर्धा रोडने बुटीबोरी. आपल्या नागपूरच्या डॉ. अमित समर्थांनी २०१७ मध्ये अमेरिका आडवी पार करणारी ‘रॅम’ शर्यत एकट्याने पूर्ण केली, तेव्हापासून रोड बाइकचा (खाली वळलेल्या हँडलची, वेगाची सायकल) किडा डोक्यात होता, असं मी लोकांना सांगते. खरं कारण म्हणजे ग्रुपमधल्या दोघींनी रोड बाइक घेतल्या आणि खापरीच्या पुढे मला त्यांच्या पाठीच दिसायला लागल्या.

बजेट ९० हजार, हेल्मेट आणि दिव्यांसकट.

ॲल्युमिनियम की कार्बन (म्हणजे कार्बन फायबर), हे ठरवायला मला एक संध्याकाळ पुरली. दुकानात दोन्ही होत्या. ॲल्युमिनियमची फ्रेम, पुढचा फोर्क, म्हणजे चाक धरणारा चिमटा, कार्बनचा, टियाग्रा गिअर म्हणजे मागे १० चकत्या, ८४ हजार. शेजारी कार्बन फ्रेमची, सोरा गिअर म्हणजे मागे ९, आदल्या वर्षीचा स्टॉक म्हणून १ लाख २८ हजार. काट्यावर पहिली ९.८ किलो, दुसरी ८.६. दुकानदाराने कार्बनची एका बोटावर उचलून दाखवली. बोटावर उचललेली सायकल बघून भल्याभल्यांची मती जाते, माझीही पाच मिनिटं गेली होती.

घरी येऊन हिशेब केला. मी ५८ किलोची. सायकलसकट ६८ किलोतले सव्वा किलो कमी झाले, तर सेमिनरी हिल्सच्या माझ्या तीन मिनिटांच्या चढावर फार तर तीन सेकंद वाचणार. बाकी नागपूर म्हणजे पाटासारखं सपाट. सपाटीवर पंचविशीच्या पुढे वेग गेला की भांडण वाऱ्याशी असतं, वजनाशी नाही. त्या तीन सेकंदांसाठी ४४ हजार जास्त मोजायचे आणि वर गिअर एक पायरी खालचे घ्यायचे? रविवारी राइडनंतर मी दोन प्लेट तर्री पोहे खाते. सेकंद वाचवायचेच असतील तर तिथून सुरुवात करता येईल.

सासऱ्यांना वेगळीच काळजी. ‘उन्हात कार्बन वितळणार तर नाही?’ नागपूरचा पारा २३ मे २०१३ ला ४७.९ वर गेला होता, त्यांना तो दिवस पाठ आहे. नाही वितळत, तेवढ्याने त्या फ्रेमला काही होत नाही. तिला भीती आमच्या पार्किंगची. शेजारच्यांची स्कूटी स्टँडवरून कलंडते आणि तिचं हँडल बरोबर सायकलच्या आडव्या नळीवर येतं. ॲल्युमिनियमला पोचा पडतो, तो दिसतो. कार्बनला वरून ओरखडा आणि आतले थर सुटलेले, असं होऊ शकतं. शिवाय आमच्या चौकातला मिस्त्री सीटपोस्टचा, म्हणजे सीटच्या दांडीचा, बोल्ट मनगटाच्या अंदाजाने आवळतो. कार्बनला तो टॉर्क पान्यानेच, म्हणजे किती जोर लागतोय ते मोजणाऱ्या पान्यानेच, आवळावा लागतो. क्लॅम्पवर आकडा छापलेला असतो, बहुधा पाच न्यूटन-मीटरच्या आसपास. तर ॲल्युमिनियम ठरलं. दुसऱ्या दिवशी जाऊन २० हजार देऊन आले.

दुकानातलं पहिलं वाक्य, ‘लेडीज मॉडेल दाखवू का, बास्केटवालं?’ दुसरं, ‘सरांना घेऊन या ना एकदा.’ तिसऱ्या वाक्याला आम्ही साइजवर आलो.

‘एक्सएस आत्ता नाहीये मॅडम. ५४ रेडी आहे. सीट खाली करून देतो, काही फरक नाही पडत.’

५४ म्हणजे माझ्यासाठी मोठी फ्रेम. फरक पडतो. सीट खाली केल्याने उंची जुळते, लांबी जुळत नाही. हँडल जिथल्या तिथे राहतं आणि आपण त्याच्याकडे लोंबकळत जातो. मी त्या ५४ वर फुटाळ्यापर्यंत जाऊन आले. परत येईस्तोवर मान अवघडली होती, आणि ब्रेक धरायला दर वेळी पुढे सरकावं लागत होतं. ‘मग स्टेम छोटा टाकून देऊ.’ स्टेम, म्हणजे हँडलला सायकलशी जोडणारा तुकडा, फार आखूड केला की स्टिअरिंग नको तितकं चपळ होतं, हे मला ग्रुपमधल्या सिनिअर काकांनी सांगून ठेवलं होतं. मी म्हटलं, एक्सएसच पाहिजे, थांबते.

‘आठ दिवसात येते मॅडम.’

पोळ्याच्या आदल्या दिवशी फोन केला. ‘येऊन राहिली मॅडम, भिवंडीहून निघाली.’ पोळा झाला. दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा, महालात मारबतीची, म्हणजे ईडा-पीडा घेऊन जाणाऱ्या पुतळ्याची, मिरवणूक. ‘ईडा पीडा घेऊन जाय गे मारबत’ म्हणताना मी मनातल्या मनात एका दुकानाचंही नाव घेतलं. गणपती बसले. ‘येऊन राहिली, गाडी रस्त्यात आहे.’ गणपती गेले. भिवंडी ते नागपूर चालत आले असते तरी एव्हाना पोचले असते.

मधेच ३ सप्टेंबरला जीएसटी परिषदेचा निर्णय आला. सायकलवरचा कर १२ टक्क्यांवरून ५ टक्के, २२ सप्टेंबरपासून. आता दुकानदाराला आयतंच कारण मिळालं. ‘बावीसच्या आधी कोण माल उचलन मॅडम? तुमचाच फायदा होऊन राहिला. काहून टेन्शन घेऊन राहिल्या?’ त्याचं म्हणणं मला पटलंही. राग एवढाच, की निर्णय यायच्या आधी जी सायकल ‘रस्त्यात’ होती ती आता उचललीच नव्हती.

आणि दर फोनच्या शेवटी ती कार्बन. ५४ साइजची, तीच. १ लाख २८ ची १ लाख २० झाली, मग १ लाख १५. ‘आजच्या आज घेऊन जा.’ सांगायला लाज वाटते, पण एका रात्री मी हप्त्याचं गणित मांडून बसले होते. सव्वा किलो, तीन सेकंद, सगळं विसरून. सहा आठवडे वाट बघितली की माणूस साइजही आपल्याला हवी तशी आठवायला लागतो. मान एवढी काही दुखली नव्हती, सवय होईल, वगैरे. नवरा म्हणाला, ‘तू सायकल घेऊन राहिली की बदला?’ लॅपटॉप बंद केला.

२६ सप्टेंबरला दुकानातून आपणहून फोन. ‘आली मॅडम!’ अर्धी रजा टाकून गेले. सायकल उभी, पुसून चकाचक, हँडलला फुगासुद्धा बांधलेला. मी पाय टाकून उभी राहिले आणि आडवी नळी जिथे लागायला नको तिथे लागली. सीटखालच्या उभ्या नळीच्या मागे खालच्या बाजूला बोटाएवढं स्टिकर असतं, त्यावर साइज लिहिलेली असते. त्या जागी नुसता गोंद होता, बोटाला चिकटणारा, ताजा. मी पर्समधून शिंप्याची टेप काढली. हो, नेली होती. विश्वास तोपर्यंत संपला होता. हँडलखालच्या उभ्या नळीच्या मध्यापासून सीटपोस्टपर्यंत जमिनीला समांतर मोजलं तर साडेचोपन्न सेंटिमीटर. कंपनीच्या तक्त्यात एक्सएसला एक्कावन्न होतं.

‘ही एक्सएस आहे?’

‘यंदा कंपनीने साइज बदलून टाकल्या मॅडम.’

दोन पोरं पंक्चर काढता काढता आमच्याकडे बघत होती. मी टेप गुंडाळली आणि विचारलं, ‘दादा, तुम्ही वितरकाकडे ऑर्डर टाकली त्याचा नंबर आणि तारीख दाखवा.’ हा प्रश्न मी पहिल्या महिन्यात विचारायला हवा होता. कॉम्प्युटरवर बराच शोध झाला. एक्सएसची ऑर्डर निघाली २३ सप्टेंबरची. म्हणजे पोळ्याला, मारबतीला, गणपतीत, माझी सायकल कुठूनच निघाली नव्हती, कोणी मागवलीच नव्हती. मी आवाज चढवला नाही याचं मला अजून नवल वाटतं. पावतीच्या मागे त्याच्याकडून एक्सएस, ऑर्डर नंबर आणि ‘१५ ऑक्टोबरपर्यंत न आल्यास पूर्ण परत’ असं लिहून घेतलं, शिक्क्यासह. पावतीखालची कॉपी काढायला त्याने निळा कागद सरकवला. माझ्या बजेटात बसलेला कार्बन तेवढाच.

दसऱ्याला दीक्षाभूमीची गर्दी, रस्ते वळवलेले, दुकान बंद. १२ ऑक्टोबरला, रविवारी, सायकल आली. स्टिकर जागेवर, टेपवर एक्कावन्न.

बिल मात्र ८४ हजारांचं. मी तिथेच मोबाइलवर मांडून दाखवलं. ८४ हजारांत १२ टक्के धरलेले, म्हणजे मूळ किंमत ७५ हजार. बिलावर आजची तारीख, म्हणून कर ५ टक्के, एकूण ७८,७५०. बँकेत वीस वर्षं काय केलं, तर हेच. तो थोडा वेळ आकड्यांकडे बघत राहिला, मग दुसरं बिल फाडलं. वाचलेल्या ५,२५० मध्ये हेल्मेट आणि पुढचा दिवा आला.

मध्ये एक सेकंडहँड कार्बनही बघितली होती, ते सांगायचं राहिलं. मनीषनगरात, ७० हजारांना, साइजही जवळपास बरोबर. नाण्याने सगळ्या नळ्या हलकेच ठोकत गेले, एका ठिकाणी टणक आवाजाऐवजी बद्द आवाज आला. नुसत्या आवाजावर निकाल देता येत नाही, पण सीटपोस्टही जागचा हलेना. ॲल्युमिनियमचा पोस्ट कार्बन फ्रेममध्ये वर्षानुवर्षं न काढता ठेवला की घाम-पाण्याने गंजून जाम होतो. कंपनीची वॉरंटीही बहुतेक वेळा पहिल्या मालकापुरतीच असते. सोडली. त्या फ्रेममध्ये २५ मिलिमीटरपेक्षा जाड टायर बसतच नव्हता, आणि नागपुरात ते एकच कारण पुरेसं आहे.

कारण आपले सिमेंट रोड. दर काही मीटरवर सांधा, टक, टक, टक, आणि कडेला गट्टू (फरसबंदीचे ठोकळे) आणि सिमेंट यांच्यात दोन बोटांची पायरी. ‘कार्बन धक्के गिळतं’ म्हणतात, थोडं गिळतही असेल, पण टायर त्याहून जास्त गिळतो. माझ्या सायकलला २८ चे टायर आहेत. दुकानदाराने शंभर पीएसआय हवा भरून दिली होती, पहिल्या दिवशी मनगटं झिणझिणली. आता पुढे ५५, मागे ६०. तेच सांधे, पण दात वाजत नाहीत.

छोट्या फ्रेमची एक खोड आधी माहीत असू द्या. हळू वळताना बुटाचं टोक पुढच्या चाकाला लागतं. वेगात नाही लागत, पण शंकरनगर चौकात यू-टर्न घेताना मी पहिल्याच आठवड्यात एक पाय टेकवला. आणि बोटं आखूड असतील तर ब्रेकच्या लिव्हरमध्ये एक छोटा स्क्रू असतो, तो फिरवून लिव्हर जवळ आणता येतो. दुकानात आपणहून कोणी सांगत नाही, करून मागा.

खापरीच्या पुढे आता आम्ही तिघी बरोबरीने असतो. बुटीबोरीच्या वळणावर मी एकदा पुढेही होते, वारा पाठीशी होता हे कबूल.

पाण्याची बाटली मात्र जर्सीच्या मागच्या खिशात. ते फ्री बाटली स्टँड परवाच विचारलं. येऊन राहिलं म्हणे.