कॅमेऱ्याची सेटिंग शिकावीच लागते का? तुम्ही विचारलंत म्हणून

लग्नाच्या पंगतीत, आमच्या सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेत, रविवारी सकाळी सिद्धेश्वर तलावाच्या काठावर कॅमेरे घेऊन जमणाऱ्या पोरांत, मला एकच प्रश्न येतो. "दादा, हे अ‍ॅपर्चर, शटर, आयएसओ खरंच शिकावं लागतं का? नजर असली की झालं की." ही तिन्ही म्हणजे फोटो किती उजळ येणार ते ठरवणारी सेटिंग. विचारणाऱ्याला बहुतेक वेळा 'नाही' ऐकायचं असतं, आणि मी कितीतरी वर्षं तेच सांगितलं. नजर महत्त्वाची, बाकीचं कॅमेरा बघतो, असं. आता तसं सांगत नाही, तर "तुम्हीच म्हणाला होतात" असं ऐकावं लागतं. म्हणून एकदा नीट लिहितो.

आधी सोपं. गड्ड्याच्या यात्रेत भोगीला संमती कट्ट्यावर अक्षता सोहळा, म्हणजे सिद्धेश्वरांच्या प्रतीकात्मक लग्नाचा सोहळा, असतो. जिकडे बघाल तिकडे पांढऱ्या बाराबंद्या, म्हणजे बंदांचे सदरे. कॅमेरा ऑटोवर ठेवला तर ते पांढरं मळकट, राखाडी येतं. कॅमेऱ्याच्या मीटरला समोर काय आहे ते कळत नाही. सगळं मध्यम करड्या रंगाचंच आहे असं धरून तो उजेड मोजतो, आणि पांढरं दिसलं की 'उजेड जास्त झाला' समजून फोटो अंधारा करतो. एक्स्पोजर, म्हणजे फोटोत घ्यायचा उजेड, एक-दीड स्टॉप वाढवला (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड) की बाराबंदी पुन्हा पांढरी होते. यात नजर कितीही चांगली असली तरी कामाला येत नाही, कारण नजरेला ती पांढरीच दिसत असते. हे मला पहिल्यापासून माहीत होतं. तरी मी 'नजर, नजर' म्हणत राहिलो, कारण ते ऐकायला बरं वाटायचं. मलाही.

आता जे आजवर कुणाला सांगितलं नाही ते.

आमचे अप्पा 34 वर्षं यंत्रमागावर होते. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलचा कारखाना, दोन माग त्यांच्याकडे. मालकानं कारखाना बंद करायचं ठरवलं, माग भंगारात जाणार हे नक्की झालं, तेव्हा अप्पा आपण होऊन म्हणाले, "शेवटच्या दिवशी येतोस का? मागावरचे फोटो काढ की माझे." अप्पांनी माझ्याकडे फोटो मागितले ते तेवढ्याच एका वेळी.

आदल्या रात्री माझं लग्नाचं काम होतं. मंगलाष्टकांच्या वेळी आवाज नको म्हणून कॅमेरा सायलेंटवर, म्हणजे इलेक्ट्रॉनिक शटरवर ठेवला होता. तो तसाच राहिला. मागांच्या खडखडाटात शेजारच्याचं ओरडणं ऐकू येत नाही, तिथं कॅमेऱ्याचा आवाज येतोय की नाही हे कुणाला कळणार? धोटा, म्हणजे आडवा धागा घेऊन मागात इकडून तिकडे धावतो तो, हवेत गोठलेला पाहिजे म्हणून शटर 1/1000, म्हणजे सेकंदाचा हजारावा भाग, ठेवलं. वर जुन्या चोकच्या ट्यूबलाइटी. अप्पा कांडी बदलत होते, तुटलेला ताणा जोडत होते, मध्येच माझ्याकडे बघून टोपी सारखी करत होते. मी अडीच तास काढत होतो. स्क्रीनकडे ओझरतं बघितलं, चौकट चांगली वाटली. नजर होती ना.

घरी मोठ्या स्क्रीनवर उघडले. प्रत्येक फोटोत आडवे काळे पट्टे, आणि बऱ्याच फोटोंत एक पट्टा बरोबर अप्पांच्या डोळ्यांवर. आपल्याकडची वीज 50 हर्ट्झची, त्यामुळे तसली ट्यूब सेकंदाला 100 वेळा उजळते आणि मंदावते. माझ्या कॅमेऱ्यात इलेक्ट्रॉनिक शटर फोटो एका झटक्यात घेत नाही, वरून खाली ओळीओळीनं वाचतं. एवढ्या वेगात काही ओळींना उजेड मिळतो, काहींना नाही. 1/100 किंवा 1/50 ठेवलं असतं तर प्रत्येक ओळीला पूर्ण झोका मिळाला असता. चार ओळींची माहिती आहे. कुठेही वाचायला मिळते. मी वाचली नव्हती, कारण मला नजर आहे असं लोक सांगायचे.

दुसऱ्या दिवशी सकाळी अप्पा म्हणाले, "बघू की, कसं आलंय." त्यातल्या त्यात बरा एक दाखवला. त्यांनी चष्मा लावून बघितला आणि विचारलं, "लाइट जात-येत होती का रे तवा?" मी म्हणालो, "हो."

तोवर मागांची तोडफोड सुरू झाली होती.

म्हणजे तंत्र आधी, नजर मागून, असं मी म्हणावं अशी तुमची अपेक्षा असेल. मलाही तसं ठामपणे म्हणायचं आहे, पण आमच्या घरात देवळीशेजारी एक फोटो लावलेला आहे. 2011 सालचा, साध्या खिशातल्या कॅमेऱ्यानं काढलेला. मला तेव्हा शटर म्हणजे काय तेही माहीत नव्हतं. अप्पांचे हात स्पष्ट, धोटा म्हणजे नुसती धूसर रेघ, आणि माग चालू आहे हे फोटोतून ऐकू येतं. येणारा-जाणारा त्याच्यापुढे थांबतो. मध्ये फाइल काढून नोंद बघितली, शटर 1/25. ते मी ठरवलं नव्हतं. आत उजेड कमी म्हणून कॅमेऱ्यानं स्वतःच ठेवलं होतं. आज कळतं की धोटा गोठवायची माझी कल्पनाच चुकीची होती. चालत्या मागाचा धोटा रेघेसारखाच दिसायला हवा. पण हे मला आज कळतं ते तंत्र शिकल्यामुळे, की तो फोटो रोज डोळ्यांसमोर असल्यामुळे, ते मला सांगता येत नाही.

तलावाकाठच्या पोरांना आता मी पहिल्या दिवशी ट्यूबलाइटखाली नेतो, 1/1000 आणि 1/100 दोन्ही काढायला लावतो. काही जण कंटाळून परत येत नाहीत. त्यातल्याच एकानं परवा यात्रेतल्या नंदीध्वजाचा फोटो पाठवला, फोनवर काढलेला, इतका चांगला की मी दोन दिवस तोच बघत होतो.

पट्ट्यांचे ते सगळे फोटो हार्ड डिस्कवर आहेत. पुसलेले नाहीत. आणि लाइट गेली नव्हती, हे अप्पांना अजून सांगितलेलं नाही.