रबराचे तीन पट्टे

तुळशीची लग्नं लागली की आमच्या मागच्या खोलीत खाटला, म्हणजे भरतकामाचं कापड ताणून धरायची चौकट, मांडला जातो, तो शिमग्यापर्यंत हलत नाही. बेळगावच्या अनगोळातलं आमचं घर लहान. त्यातली ती एक खोली माझ्या आरीकामाला, म्हणजे आकड्याच्या सुईनं करायच्या भरतकामाला, दिलेली. नाव कामाची खोली, पण दोन वर्षांपूर्वी बघितली असती तर कुणीही तिला अडगळच म्हटलं असतं. मोती कुंद्याच्या पुठ्ठ्याच्या डब्यांत, टिकल्या श्रीखंडाच्या डब्यांत, अँकरच्या लड्या बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात. कुंद्याचा डबा कितीही झटकला तरी मुंग्यांना तो आपलाच वाटतो, हे बेळगावात राहणाऱ्याला सांगायला नको.

तो दिवस शुक्रवारचा. खानापूरच्या एका मुलीचं लग्न रविवारी होतं आणि ब्लाऊज न्यायला तिची आई शनिवारी सकाळी येणार होती. साडी तिच्या आजीची, काठाची जर जुनी, मंद. आईनं आधीच बजावलं होतं, "ताई, त्या काठाजवळ ते नवं झगमगतं नको." आजकाल जर म्हणून जी मिळते ती बहुतेक प्लास्टिकची. ती काळी पडत नाही, पण जुन्या काठाशेजारी भलतीच चमकते. माझ्याकडे मात्र टेस्टेड जरीच्या, म्हणजे तांब्याच्या तारेवर चांदीचा मुलामा असलेल्या जरीच्या, तीन लड्या होत्या. चांगल्या कामाला लागतील म्हणून दोन पावसाळे जपून ठेवलेल्या. पहिली रिळावर चढवून गळा आणि एक बाही पूर्ण केली होती. दुसऱ्या बाहीची निम्मी वेल राहिली आणि रीळ संपलं.

दुपारी जेवून दुसरी लडी काढायला पत्र्याचा डबा उघडला. आधी आला डांबरगोळ्यांचा भपकारा. मग वर्तमानपत्राची घडी. ती सोडली तर लडीवर काळे पट्टे. एक, दोन, तीन. पट्टेरी मण्यार सापाच्या अंगावर असतात तसे आखीव. मधला भागही पिवळसर काळपट झालेला, पण पट्टे अगदी ठळक. पहिल्यांदा वाटलं, कसला तरी डाग असेल. मग लडीला लावलेली रबरं सरकवून बघितली. जिथं रबर तिथंच पट्टा. लडी सुटू नये, गुंता होऊ नये, म्हणून मीच मोठ्या हौसेनं लावलेली तीन रबरं.

घाबरून टूथपेस्ट लावून टोकाची वीतभर जर घासली. हे करू नये. चांदीचा मुलामाच निघाला आणि आतलं तांबं दिसायला लागलं.

तिसरी लडी होती. नक्की होती. पण कुठं? पुढचे तीन तास मी त्या खोलीत काय काय उपसलं ते लिहायलाही लाज वाटते. एकाच मापाच्या पांढऱ्या मोत्यांची सात पाकिटं निघाली, म्हणजे दर वेळी "संपले असतील" म्हणून गणपत गल्लीतून नवीन आणलेली. चार कात्र्या. स्पंजात खोचलेल्या आरीच्या सुया, बुडाशी तांबूस गंजलेल्या. डांबरगोळ्यांशेजारचे प्लास्टिकचे मोती मऊ पडून एकमेकांना चिकटले होते, त्यांचं चिक्कीसारखं ढेकूळ झालं होतं. लडी मात्र नाही.

साडेचारला स्कूटी काढली आणि वडगाव गाठलं. तिथल्या एका विणकराच्या घरी मी पूर्वी साड्यांचे गोंडे करून द्यायची. मागावर आता त्यांचा मुलगा बसतो. म्हातारी अज्जी उंबऱ्यात बसलेली. "बा, कुंद्र," ये, बस, म्हणाली कानडीत. बसवेना मला. लडी तिच्यापुढं धरली. तिनं एकदा बघितलं आणि मराठीत सुरू झाली, "रबर लावलीस गे? रबर खातंय जरीला. कागदात पण बांधलीस. आणि वर त्या गोळ्या!" प्रत्येक चुकीला ती बोट दुमडत होती. मी शाळेतल्या पोरीसारखी उभी.

आत जाऊन तिनं एक गाठोडं आणलं. जुन्या धोतराचं कापड, धुऊन धुऊन मऊ झालेलं. आत आणखी एक कापड, त्यात जरीची अर्धी लडी. कधीची ते तिलाही सांगता येईना. रंग काठाला बरोबर जुळला असं नाही, थोडा लाल झाक मारत होता, पण शेजारी ठेवल्यावर डोळ्याला खुपला नाही. पैसे घेईना. शेवटी पोराच्या हातात कोंबले.

वेल रात्री अडीचला संपली. शनिवारी त्या आईनं दोन्ही बाह्या उजेडात धरून बघितल्या. मी आधीच सांगून टाकलं, डाव्या बाहीची जर खालून वेगळी आहे. ती म्हणाली, डाव्या बाहीवर पदर येतोय की.

रबरात गंधक असतं आणि चांदी गंधकाशी जुळली की काळी पडते, देवघरातल्या निरांजनासारखी, हे नंतर बारावी सायन्सच्या भाच्यानं समजावलं. रबर बनवतानाच त्यात गंधक घालून ते तापवतात म्हणे. अज्जीचं "खातंय" मला जास्त पटलं.

खोली लावायला पुढचा आठवडा गेला. पूर्वी मी दिसायला नीट दिसेल असं लावायची, लाल लालाजवळ, मोठं मोठ्याजवळ. आता आधी बघते, कशाशेजारी काय टिकत नाही. जर मलमलीत गुंडाळून वेगळ्या डब्यात, सोबत सिलिका जेलची पुरचुंडी. निळे दाणे गुलाबी झाले की काढून तव्यावर मंद आचेवर परतते, पुन्हा निळे होतात. तवा अर्थात जुना, स्वयंपाकातून बाद झालेला. मोती काचेच्या बरण्यांत, म्हणजे किती उरलेत ते बाहेरून दिसतं. सुयांना शिलाई मशीनच्या तेलाचा हात. आणि प्रत्येक ऑर्डरचा एक डबा, त्यात कापड, धागा, नक्षीचा कागद, मापाची चिठ्ठी. काम संपेपर्यंत त्यातलं काही दुसऱ्या डब्यात जायचं नाही. हा एवढा एक नियम मी अजून पाळते. बाकीचे आठवड्यातून एकदा मोडतेच.

घरात दुधाच्या पिशवीची रबरं साठवायची सासूबाईंची सवय मात्र गेली नाही. खुंटीवर गजरा टांगावा तशी टांगलेली असतात.

पुढच्या दिवाळीत आकाशकंदील काढायला माळ्यावर चढले. खोक्यात कंदिलाच्या झिरमिळ्यांखाली एक पुडकं. माझ्याच जुन्या ओढणीचा तुकडा. आत तिसरी लडी, रबर नाही, कागद नाही, नव्यासारखी पिवळी. ओढणी माझी, गाठ माझी. कधी ठेवली होती, आजवर आठवलेलं नाही.