तुम्ही विचारलंत म्हणून: फाटकं कापड पैसे देऊन का घेते?

घरी पहिल्यांदाच आलेल्या माणसाची नजर दिवाणावरच्या त्या निळ्या कापडाकडे गेली की मला कळतं, आता प्रश्न येणार. सभ्य माणसं म्हणतात, "हे काय आहे?" आई म्हणते, "ते लक्तर उचल आधी, पाहुणे यायचेत." आणि कामाला येणाऱ्या मावशींनी पहिल्याच आठवड्यात ते हातात धरून विचारलं होतं, "ताई, हे पुसायला घेऊ ना?" परवा तुम्हीही विचारलंत, जपानहून फाटके, ठिगळं लावलेले कपडे पैसे मोजून का आणते म्हणून. तेव्हा काहीतरी थातुरमातुर बोलले. आता नीट सांगते.

मावशींचा प्रश्न खरं तर सगळ्यांत बरोबर होता. जपानी घरात अशा कापडाचं शेवटी पायपुसणं किंवा फरशी पुसायचं फडकंच व्हायचं. त्याला ते झोकिन म्हणतात. तिथल्या हातमागाचा पन्हा साधारण ३६ सेंटिमीटर. किमोनो असो की शेतात घालायचा अंगरखा, नोरागि, सगळं या अरुंद पट्टीचे सरळ तुकडे जोडून शिवायचं. गोलाई कापायची नाही, म्हणून कातरण वाया जात नाही. मळलं की शिवण उसवायची, तुकडे धुवायचे, झिजलेला भाग आत नि धड भाग बाहेर घेऊन पुन्हा शिवायचं. आपल्याकडे लुगडं मधे विरलं की फाडून, काठाकडची धड बाजू मधे घेऊन दंड घालायचे, तसंच. मोठ्यांचं झिजलं की पोरांना, मग गादीची खोळ, मग लंगोट, मग फडकं. टोकियोच्या सेतागाया भागात १५७८ पासून चालत आलेला एक बाजार आहे, बोरोइचि. डिसेंबर आणि जानेवारीत १५ आणि १६ तारखेला भरतो. बोरो म्हणजे चिंध्या. तिथे शेतकरी खरोखरच चिंध्या विकत न्यायचे, गवती चपला वळताना त्यात गुंफायला. चपला जास्त टिकायच्या.

माझा पहिला तुकडा क्योतोच्या तोजि देवळाच्या बाजारातला. दर महिन्याच्या २१ तारखेला तो भरतो. मी तेव्हा तिथे शिकत होते, हातात पैसे बेताचे. एका म्हाताऱ्या दुकानदाराकडे भाताच्या वाट्या बघत होते. त्याने वाटी ज्यात गुंडाळून ठेवली होती ते कापड उलगडलं, आणि मी वाटी विसरले. वीतभर कापडात निळ्याच्या सात-आठ छटा. मधे बारीक रेघांचं ठिगळ, त्यावर अजून एक, आणि सगळ्यांना एकत्र धरून ठेवणारा आडवा धावदोरा. म्हटलं, हे कापडच द्याल का? त्याला वाटलं मला जपानी नीट येत नाही. त्याने पुन्हा वाटीच पुढे केली.

खोलीवर येऊन ते उलटं केलं आणि मला घर आठवलं. मागची बाजू थेट आजीच्या वाकळीसारखी. आजीची वाकळ आम्ही कधीच बोहारणीला देऊन टाकलेली, एका स्टीलच्या डब्यावर. तो डबा अजून आहे.

या कापडांमागचं कारण सौंदर्य नव्हे, थंडी. जपानच्या मुख्य बेटाच्या उत्तर टोकाला आओमोरी आहे. बर्फ माणसाहून उंच साचतं आणि कापूस पिकत नाही. पिकायचा तो भांगेच्या जातीच्या झाडाचा वाख. त्याचं कापड उन्हाळ्यात गार, पण हिवाळ्यात जाळीसारखं, वारा आरपार. त्यात १७२४ साली तिथल्या त्सुगारू संस्थानात काटकसरीचा हुकूम निघाला आणि शेतकऱ्याला वाखाच्याच कपड्यांवर भागवायला लागलं. मग बायकांनी काय केलं? निळीत रंगवलेल्या त्या विरळ कापडाची भोकं पांढऱ्या सुती दोऱ्याने भरून काढली. ताणा मोजून, विषम घरं सोडत, एक, तीन, पाच. त्यातून शंकरपाळ्यांसारख्या चौकटींची नक्षी उमटली. तिला कोगिन म्हणतात. शेजारच्या नान्बु मुलखातल्या बायका सम घरं मोजायच्या, म्हणून त्यांच्या चौकटी आडव्या पसरट, आणि त्सुगारूच्या उभट. एका आकड्याचा फरक, पण अंगरखा बघून बाई कुठली ते कळायचं. १८९१ मध्ये टोकियोहून आओमोरीपर्यंत रेल्वे पोचली, सुती कापड स्वस्तात मिळू लागलं आणि पोरींनी कोगिन सोडून दिलं. मी असते तर मीही सोडलं असतं.

सुती कापड रेल्वेआधीही उत्तरेला जायचं, पण जुनं, वापरलेलं. ओसाकाकडची जहाजं जपान समुद्राच्या काठाकाठाने वर जायची, त्यात इतर मालाबरोबर जुन्या कपड्यांचे गठ्ठे असायचे. ओसाकातल्या कुणाचा तरी टाकाऊ किमोनो आओमोरीत तळहाताएवढ्या ठिगळा-ठिगळाने विकला जायचा. तिकडे म्हण आहे: अझुकीचे तीन दाणे बांधता येतील एवढी चिंधी टाकू नये. अझुकी म्हणजे आपल्या चवळीसारखं, लाल आणि बारीक कडधान्य. मी एकदा तीन दाणे घेऊन बसले होते. दोन बोटांत मावेल एवढा कपडा लागतो.

हे सगळं आज बघायला मिळतं ते मुख्यतः तानाका चुझाबुरो या आओमोरीच्या माणसामुळे (१९३३ ते २०१३). गावोगाव पायी फिरून त्याने हे कपडे गोळा केले. त्यातल्या ७८६ नगांना १९८३ मध्ये जपान सरकारने महत्त्वाचा लोकसांस्कृतिक ठेवा म्हणून मान्यता दिली. त्याच्या संग्रहातलं दोन्जा म्हणजे वाखाचा चोथा भरलेलं अवजड पांघरूण, अंगरख्याच्या आकाराचं. त्यात आईबाप आणि पोरं उघड्या अंगाने एकमेकांना बिलगून झोपायची. आणि बोदोको. ही ठिगळांवर ठिगळं लावत पिढ्यान्‌पिढ्या वाढवलेली चादर. बाळंतपण तिच्यावर व्हायचं. जन्मणारं मूल पहिल्यांदा टेकायचं ते पणजीच्या कपड्यावर. आपल्याकडेही नवजात बाळाला जुनेरातच गुंडाळतात, मऊ असतं म्हणून. पण बोदोकोचे फोटो बघताना मला मऊपणाआधी आठवतं ते हे, की त्या घरात दुसरं काही नव्हतं.

म्हणूनच कुणी या कापडांपुढे उभं राहून 'अपूर्णतेतलं सौंदर्य' वगैरे बोलायला लागलं की माझं डोकं सटकतं. ज्या बायकांनी हे शिवलं त्यांना याची लाज वाटायची. दिवस बरे आले तसे कितीतरी घरांनी हे जाळून टाकलं. त्यांच्या लाजेला आज परदेशी दुकानांत दिव्याखाली टांगून भलीमोठी किंमत लावलेली असते. मीही त्याच बाजाराचं गिऱ्हाईक आहे, हे लपवत नाही. फक्त मी त्याला चित्र म्हणत नाही. ते कुणीतरी थंडीला दिलेलं उत्तर आहे.

किंमत वाढली तसा नकली मालही आला. मी दोनदा फसले, म्हणून आता आधी मागची बाजू बघते. खऱ्या ठिगळाखाली काहीतरी फाटलेलं असतं: गुडघा, कोपर, मानेची कड, ओझं पेलणारा खांदा. पाठीच्या मधोमध, जिथे काहीच घासत नाही, तिथे पाच सुबक ठिगळं दिसली की मी पुढे चालू लागते. सुटलेल्या ठिगळाची कड हळूच उचलून बघावी. खालचं कापड बाहेरच्यापेक्षा गडद निळं हवं, कारण त्याने तेव्हापासून ऊन पाहिलेलं नाही. सगळं एकसारखं फिकट असेल तर ते एकाच दिवशी, एकाच बादलीत म्हातारं झालंय. दोरेही बघावेत. पन्नास वर्षं दुरुस्त होत आलेल्या कपड्यात दोरा एका जातीचा कसा असेल?

एक तुकडा मी स्वतःच्या हाताने घालवला. निळ्या-तपकिरी रेघांची खोळ होती, धुराचा वास जाईना. चुलीवरचा नव्हे, घराच्या मधोमध पेटवलेल्या शेकोटीचा, शंभर वर्षं जुना. एका रविवारी टबमध्ये भिजवली. निळ्या रेघा टिकल्या, गडद तपकिरी रेघा पाण्यात गाळासारख्या निघून गेल्या आणि हातात नुसती निळी झालर राहिली. लोहाने पक्का केलेला काळा-तपकिरी रंग दोऱ्याला आतून खातो, हे मला तेव्हा वाचून माहीत होतं. तरी भिजवली. आता काहीच धुवत नाही. पावसाळा संपला की ऑक्टोबरच्या उन्हाच्या दिवसांत, पण सावलीत, सगळं पसरते, कसर लागलीय का बघते आणि न घडी घालता गुंडाळते. वास राहू दे.

आपल्या बाजूचं काही नाही का, असंही तुम्ही विचारलंत. आहे, पण ते गरिबांच्या कपड्यांत नव्हे. जपानमध्ये हाकामासाठी, म्हणजे पुरुषांच्या घोळदार अधोवस्त्रासाठी, वापरायचं एक पातळ रेशमी कापड होतं, चाउ-जिमा. जिमा म्हणजे रेघांचं. आणि चाउ म्हणजे आपलं चौल, अलिबागजवळचं. पोर्तुगीजांनी ते तिकडे नेलं, पुढे क्योतोत विणूही लागले, नाव मात्र चौलचंच राहिलं. त्याहून जुनी गोष्ट कापसाची. इसवी सन ७९९ मध्ये एक तरुण लहान होडीतून जपानमधल्या मिकावा प्रांताच्या किनाऱ्याला लागला. त्याच्याकडे कापसाचं बी होतं, आणि भाषा येऊ लागल्यावर त्याने आपण तेन्जिकुचे, म्हणजे भारतातले, असं सांगितलं, अशी जपानी दरबारी इतिहासात नोंद आहे. ते बी पुढच्या वर्षी पेरलं गेलं, पण टिकलं नाही. जपानला स्वतःच्या कापसासाठी पुढे कित्येक शतकं थांबावं लागलं.

मागच्या दिवाळीत सातारकडची आत्या आली होती. हयातभर गोधड्या शिवलेल्या. तिने काही विचारलं नाही. दिवाणावरचं उचललं, चष्मा लावला आणि उलटं केलं. बोटाने टाक्यांवरून जात म्हणाली, "दोघींनी शिवलंय गं हे. हितनं एकीनं सुरू केलं, तिकडनं दुसरीनं. ही घाईची बाई, हिचा टाका लांब. ती शिस्तीची." दहा वर्षं माझ्याकडे असून मला ते दिसलं नव्हतं. मग एका कोपऱ्यात तिचं बोट थांबलं. "हितं टाका सुटलाय. सुई दे, घालते."

मी म्हटलं, नको आत्या, याला आता काही करायचं नसतं, जसं आहे तसंच ठेवायचं असतं.

तिने चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "मग घेतलंस कशाला?"

सुई मी दिली नाही. ते ठिगळ अजून एका कडेने लोंबतंय. दिवाण झटकताना हात लागू नये म्हणून मावशी आता तेवढा भाग सोडून झटकतात.