मध्यरात्रीनंतरची मोकळी जागा

रविवार, रात्री साडेअकरा

आमच्या बँडचं पहिलं सिंगल, म्हणजे एकच सुटं गाणं, बाहेर येऊन आज तीन आठवडे झाले. ऐकल्याचा आकडा १,१८६. गुरुवारी हजार ओलांडले तेव्हा ऑफिसच्या जिन्यात जाऊन ड्रमरला फोन केला आणि दोघंही काही वेळ नुसते हसत राहिलो. स्पॉटिफायवर तीस सेकंदांच्या आत गाणं सोडलं तर ते ऐकलं असं धरत नाहीत. शिवाय २०२४ पासून नियम असा की मागच्या बारा महिन्यांत हजार वेळा वाजलं नाही, तर त्या ध्वनिमुद्रणाचे पैसेच जमा होत नाहीत. पैसे मिळतील ते वडापावचे. पण हजाराहून जास्त वेळा कुणीतरी आमच्यापाशी निदान तीस सेकंद थांबलं, हे मला मोठं वाटतं.

तरी आज लिहायला बसले ते आकड्यासाठी नाही. संध्याकाळी मावशी जे बोलल्या ते डोक्यातून जात नाहीये. पण त्याआधी गाणं कसं झालं ते लिहून ठेवते, नाहीतर वर्षभराने सगळं सोपं होतं असं वाटायला लागेल.

सुरुवात वर्सोव्याला, आरामनगरमधल्या जॅमपॅडवर, म्हणजे सरावाच्या भाड्याच्या खोलीत झाली. तासाचे पाचशे रुपये, चौघांत वाटून. गिटारवाल्याने चार कॉर्ड्स आणल्या होत्या आणि त्यावर मी तोंडाला येईल ते इंग्रजी गुणगुणत होते, नुसते डमी शब्द. चाल सुरेख बसली. मग मराठी शब्द घालायला गेले आणि सगळं कोसळलं. त्या चालीत प्रत्येक ठोक्यावर एक तुटक, आखूड शब्द हवा होता. मराठीत शब्दाला मागे शेपूट असतं. ‘खिडकीपाशी’ म्हटलं की ठोका नेमका ‘पा’वर पडायचा, ‘पावसानंतर’मध्ये ‘नं’वर. अर्थ खिडकीत आणि पावसात, जोर मात्र शेपटावर. महिनाभर मी अशा ओळी घासत होते. कागदावर बऱ्या दिसायच्या, गायला लागलं की परक्याचे कपडे घातल्यासारखं व्हायचं.

मग पाण्याचे ते दिवस आले. आमच्या गिरगावातल्या चाळीत पाणी ठरलेल्या वेळी येतं, पण तेव्हा कुठेतरी जलवाहिनीचं काम निघालं होतं आणि वेळेचा पत्ता नव्हता. मोरीतला नळ उघडा ठेवून, खाली रिकामी बादली लावून आम्ही झोपायचो. एका रात्री ज्याच्या फोनची मी आठवडाभर वाट पाहत होते त्याचा फोन आला. बोलत असताना मोरीत आधी हवेचा फुसकारा झाला, आणि मग पाणी पत्र्याच्या बादलीत आदळलं. फोन ठेवल्यावर मी वहीत चार ओळी लिहिल्या, चाल वगैरे काही मनात नसताना:

पाणी आलं नाही
तुझा फोन आला
नळ सुरू झाला
मध्यरात्री

सकाळी आईने वही उघडी पाहिली. फोन कुणाचा हे तिने विचारलं नाही. बोटांच्या पेरांवर मोजलं आणि म्हणाली, “सहा, सहा, सहा, चार. दुसऱ्या-तिसऱ्याचं यमकही जुळतंय. अगं, हा तर अभंग झाला.”

मोठ्या अभंगाची ही मोजणी शाळेत शिकले होते, परीक्षेत लिहिलीही होती. जोडाक्षर एकच धरायचं, ऱ्हस्व-दीर्घाकडे बघायचं नाही, अक्षरं मोजायची. पण ती माझ्या हातात आहे हे मला माहीत नव्हतं. त्या दिवशी लोकलमध्ये उभ्या उभ्या ती ओळ चार ठोक्यांच्या मापात बसवून पाहिली. एका ठोक्याला दोन अक्षरं, म्हणजे एका मापात आठ जागा. सहा अक्षरं भरतात, दोन जागा श्वासाला उरतात. असं तीन वेळा. चौथ्या मापात चारच अक्षरं, म्हणजे अर्धं माप मोकळं. संध्याकाळी जॅमपॅडवर मिनिटाला ९२ ठोक्यांच्या लयीत हे म्हणून दाखवलं तेव्हा ड्रमरने काठ्या खाली ठेवल्या आणि म्हणाला, “परत म्हण.” जुन्या चार कॉर्ड्स तशाच राहिल्या, चाल मात्र पूर्ण बदलली.

बेसवाल्याला एक गोष्ट पटेना. बोलताना ‘फोन’ आणि ‘नळ’ एका झटक्यात संपतात. मोजणी पाळून गायचं तर ‘फो-न’, ‘न-ळ’, शेवटचा ‘अ’ पूर्ण उच्चारून. “भजन होतंय,” तो म्हणाला. दोन्ही प्रकारे गाऊन पाहिलं. झटक्यात म्हटलं की तालात भोक पडायचं आणि ते भरायला मी कुठेतरी ‘गं’ नाहीतर ‘रे’ घालायचे, ते फार खोटं वाटायचं. शेवटी अक्षर पूर्णच म्हणायचं ठरलं, फक्त आवाज न लांबवता. ‘नळ’मधला ‘ळ’ माईकवर इतका छान येतो की आता मला त्या ओळीची वाटच बघावीशी वाटते.

स्वराचीही एक गंमत झाली. गिटारला सोपं म्हणून आम्ही पांढरी पाचमध्ये, म्हणजे पेटीची पाचवी पांढरी पट्टी सा धरून, वाजवत होतो. पहिलं कच्चं रेकॉर्डिंग बेसवाल्याच्या घरी केलं. घर जुनं, अर्थिंग धड नाही, गिटारच्या पिकअपमधून बारीक घुंऽऽ यायचा. तेवढं आम्ही चालवून घेतलं असतं, पण बेसचा खालचा सा वाजला की आवाज हेलकावे खायला लागायचा, साधारण सेकंदाला एकदा. दोन रात्री आम्ही तारा बदलल्या, केबल बदलल्या. मग ड्रमरच्या डोक्यात प्रकाश पडला. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, म्हणजे सेकंदाला पन्नास आवर्तनांची, तोच तो घुंऽऽ, आणि बेसवरची ती पांढरी पाच ४९ हर्ट्झची. दोघांत एका हर्ट्झचं अंतर, म्हणून सेकंदाला एक हेलकावा. आई हे ऐकून म्हणाली, “पांढरी सहा घ्या. तसाही हिचा गळा पाचात झोपलेला वाटतो.” गिटारवर दुसऱ्या पट्टीवर कॅपो, म्हणजे तारा दाबून धरणारा चिमटा, लावला. हेलकावा गेला आणि माझा आवाजही वर आला. आई बारा वर्षं पेटी शिकलीय. आमच्या बँडमध्ये तिचं नाव लागायला हवं होतं, हे मी मनापासून लिहितेय.

स्टुडिओतले दोन दिवस भरभर गेले, त्यातलं फारसं आठवतही नाही. मिक्सवर मात्र भांडण झालं. गिटारवाल्याला आवाज वाद्यांत बुडलेला हवा होता, जसा या प्रकारच्या गाण्यांत असतो. मला शब्द पुढे हवे होते. मराठी कान भावगीतावर पोसलेला आहे, आणि भावगीत तरी कशावर वाढलं? मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या तबकडीवर, जिच्या एका बाजूला जेमतेम सव्वातीन मिनिटं मावायची. तेवढ्यात शब्द पोचला पाहिजे, म्हणून आवाज पुढे आणि वाद्यं मागे. आमचं गाणंही तीन मिनिटं बावीस सेकंदांचं आहे. सिंगल हा शब्द नवा वाटतो, पण आजोबांच्या ट्रंकेतली प्रत्येक तबकडी सिंगलच की. शेवटी आवाज दोन डेसिबलने वर आला. गिटारवाला चार दिवस बोलला नाही, नंतर स्वतःच म्हणाला की बरं झालं.

मधे एका लेबलचा, म्हणजे संगीत कंपनीचा, निरोप आला. एकरकमी पैसे घ्या, सगळे हक्क आमचे. रक्कम बघून बेसवाल्याचे डोळे चमकले, त्याच्या घरी हप्ते आहेत, मला त्याचा राग आला नाही. पण २०१२च्या कॉपीराइट दुरुस्तीनंतर गीतकार आणि संगीतकाराचा रॉयल्टीतला अर्धा वाटा करार करूनही लेबलला देऊन टाकता येत नाही. तो वारसांना नाहीतर रॉयल्टी गोळा करणाऱ्या संस्थेलाच देता येतो. हे मला माहीत होतं म्हणून मी नीट विचारलं, करारात ते कलम कुठे आहे. उत्तर आलं नाही. मग एका रविवारी इराण्याकडे बसून आम्ही चौघांनी कागदावर वाटे लिहिले, सह्या केल्या, आणि गाणं स्वतःच बाहेर काढलं.

पहिल्या आठवड्यातल्या प्रतिक्रिया विचित्र होत्या. एका मुलाने लिहिलं, संगीत भारी आहे, पण मराठीत कशाला? दुसऱ्या दिवशी एका बाईंनी लिहिलं, छान आहे, पण हे मराठी गाणं वाटत नाही. एकाने ‘उच्चार जुनाट’ म्हटलं, ते ‘फो-न’बद्दलच असणार. मला वाईट वाटलं आणि दोन दिवस वाटत राहिलं. ते लपवण्यात अर्थ नाही.

मामाची प्रतिक्रिया वेगळी. तो कॉलेजात असताना धोबीतलावच्या रंगभवनात रॉक ऐकायला जायचा. १९८६ साली सुरू झालेला इंडिपेंडन्स रॉक हा महोत्सव त्याने उघड्या आकाशाखाली, सिमेंटच्या पायऱ्यांवर बसून ऐकलाय. नंतर तो परिसर शांतता क्षेत्र ठरला आणि तिथले कार्यक्रम बंद पडले. आमचं गाणं त्याने तीनदा लावलं. मग म्हणाला, “आम्ही सगळे मराठी बोलत तिथे जायचो, मराठी बोलत परत यायचो, आणि मधले पाच तास इंग्रजीत ओरडायचो. आपल्या भाषेत ओरडता येईल हे सुचलंच नाही कुणाला.” त्याने फोन उलटा ठेवला आणि बराच वेळ काही बोलला नाही.

आणि आज मावशी. आईच्या भजनी मंडळातल्या. एकादशीची तयारी म्हणून बायका आमच्याकडे जमल्या होत्या. आईने माझ्याकडे न बघता गाणं लावलं. मी स्वयंपाकघरात चहा गाळत होते आणि मला बाहेर जायचा धीर होईना. दुसऱ्या कडव्याला टाळ ऐकू आला. एकच, अगदी हलका. मग दुसरा. ९२ची लय त्यांना परकी नव्हतीच. कप घेऊन बाहेर आले तेव्हा चौघी मान हलवत होत्या आणि एक जण ओठांत ‘तुझा फोन आला’ म्हणत होती.

गाणं संपल्यावर मावशी म्हणाल्या, “शब्द चांगलेत. नळाचं खरंय. पण ते शेवटचं चरण झाल्यावर काय ते धडाधडा वाजवता तुम्ही?”

“मावशी, तिथे अर्धं माप मोकळं पडतं. रिकामं वाटू नये म्हणून ड्रमर भरतो.”

“अगं, ते रिकामं नसतं. तिथे मागच्यांनी उचलायचं असतं. पुढच्याने म्हणायचं ‘मध्यरात्री’, आणि मागच्यांनी लगेच ‘मध्यरात्री’. तुम्ही मागच्यांना जागाच ठेवली नाहीत.”

आणि त्यांनी म्हणून दाखवलं. एकट्या म्हणाल्या, बाकीच्या तिघींनी उचललं. चार अक्षरं, उरलेल्या चार जागांत, काठोकाठ. माझ्या हातातला ट्रे तसाच राहिला. वर्षभर मी ती मोजणी मांडत होते, लोकांना समजावून सांगत होते, आणि ती अर्धी जागा कशासाठी आहे हे मला माहीतच नव्हतं. मला वाटलं होतं ती शांतता आहे.

रेकॉर्डिंग आता बदलता येणार नाही. ते तसंच राहील, ड्रमच्या त्या धडाधडा फिलसकट, आणि १,१८६ वेळा लोकांनी तेच ऐकलंय. झोप येत नाहीये.

मंगळवार, रात्री उशिरा

जॅमपॅडवरून आत्ता आले. ड्रमरला सांगताना मला भीती होती, तो फिल त्याला फार आवडतो, त्यावर त्याने दोन आठवडे घालवले होते. मी मावशींसारखं म्हणून दाखवलं. तो काही बोलला नाही. मग आम्ही वाजवलं. ‘मध्यरात्री’ संपलं, त्याने काठ्या हवेत धरल्या, बेस थांबला, आणि त्या अर्ध्या मापात फक्त अ‍ॅम्पची घरघर ऐकू आली. फार लांब वाटली ती जागा. दुसऱ्या वेळी बेसवाल्याने, ज्याला भजन नको होतं त्यानेच, माईक नसताना मागून म्हटलं. तिसऱ्या वेळी तिघांनी.

शनिवारी खारला छोटा कार्यक्रम आहे, साठेक माणसं मावतात. तिथे असंच वाजवायचं ठरलंय. पहिल्या वेळी कुणी उचललं नाही तर ड्रमरने घाबरून काठ्या खाली आणायच्या नाहीत, एवढं मी त्याच्याकडून कबूल करून घेतलं. आई येणार आहे. मावशींना विचारलं, तर म्हणाल्या, “रात्रीचं कसं गं जमणार, पाण्याची वेळ असते.” बघू. टॅक्सीने नेते म्हटलंय.